सूचना: शनिवारचं मलेशियन जेवण, एल्महर्स्ट (न्यूयॉर्क)

शनिवारी दुपारी 12 वाजता एल्महर्स्ट ॲव्हेन्यू स्टेशनबाहेर जमू. सबवेच्या (मेट्रोच्या) आर गाडीनेच या, एम गाडी शनिवारी इकडे येत नाही. 7 नंबरच्या लाइनवर जवळजवळ याच नावाचं स्टेशन आहे, तिथे उतरू नका. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा.

शाकाहारी मंडळींनो, 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. सांबाळमध्ये (मिरचीच्या चटणीत) बेलाचान, म्हणजे सुक्या कोळंबीची आंबवलेली वडी असते. हायनानीज चिकन राइसचा नुसता भातही कोंबडीच्या रश्शात आणि चरबीत शिजलेला असतो. रोटी चनाय (पदर सुटलेली पराठ्यासारखी रोटी) मागवा, पण सोबत चिकन करी येते. डाळ हवी असल्यास आधी सांगा.

'चार क्वे टियाव' (परतलेल्या तांदळाच्या चपट्या नूडल्स) घेताना दोन प्लेट एकाच कढईत परतायला लावू नका. कढई थंड पडते, नूडल्स भाजायच्या ऐवजी वाफतात आणि गोळा होतो. घरी बांधून नेल्यावरही तेच होतं, तेव्हा तिथेच खा.

लाक्सा (नूडल्सचं सूप) मागवताना 'करी' की 'आसाम' (आपलं राज्य नव्हे, मलय शब्द) ते स्पष्ट बोला. पहिला नारळाच्या दुधाचा; दुसरा मलेशियातल्या पेनांगचा, चिंच-माशाचा, आंबट. 'सिंगापूर नूडल्स' मात्र टाळा. हा पिवळा पदार्थ सिंगापूरचा नाहीच!