बाबांच्या उजव्या डोळ्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मी ठरवून टाकली आहे. डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणजे तुमच्या आणि काकांच्या पक्षिनिरीक्षणाच्या हंगामाचा ऐन मध्य, हे मला ठाऊक आहे. आणि एवढे वाचून तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवाल, हेही ठाऊक आहे. तरी कृपा करून तो पुन्हा लावावा आणि पुढचे वाचावे.

"पाहुणे परत गेले की बघू," असे तुम्ही मागच्या हिवाळ्यातही म्हणाला होता. धोबी आणि थिरथिरे हे तुमचे पाहुणे पक्षी मार्च-एप्रिलमध्ये परत जातात, मोतीबिंदू जात नाही. तो जितका पिकतो तितका कडक होतो आणि मग काढायला अवघड जातो, असे डॉक्टरांनी मला दोन वेळा समजावून सांगितले, कारण दुसऱ्या वेळी मी तुमच्या वतीने वाद घातला होता. छायाचित्रे धूसर येतात म्हणून तुम्ही ६०० मिमीची लेन्स तपासायला पाठवलीत, शटरचा वेग १/२००० च्या वर नेलात, कॅमेऱ्याच्या फोकसला नावे ठेवलीत. लेन्स निर्दोष निघाली, कारण धुरकटलेले भिंग तुमच्या डोळ्यातले आहे. ते पिवळसर होत जाते तसा निळा रंग मलूल दिसू लागतो. दिवाळीच्या सुट्टीत खंड्याचा फोटो दाखवून "याचा निळा उतरला आहे, जरा वाढव," असे तुम्ही म्हणालात तेव्हा पडद्यावर तो निळा नुसता लखलखत होता. आई, आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिले होते, तुला आठवत असेल.

तुमच्याआधी मी काकांशी बोलले, याचा राग माझ्यावर काढावा, त्यांच्यावर नको. वयानुसार वरच्या पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे वटवट्याची बारीक चिवचिव त्यांना आता कळत नाही. तुम्हाला ती कळते, पण पक्षी दिसत नाही. मग तुम्ही फांदी दाखवायची, त्यांनी दुर्बिणीत पक्षी धरायचा आणि परतताना वाटभर तो आधी कोणी ओळखला यावर दोघांनी भांडायचे, ही तुमची व्यवस्था मला मनापासून आवडते. परंतु ३६ फोटोंचा एक रोल दोघांत वाटून घेणाऱ्या आणि एकेका फोटोसाठी तासभर श्वास धरून बसणाऱ्या माणसाने हळूहळू कॅमेरा खाली ठेवून नुसते बोट दाखवत बसावे, हे काकांना सहन होत नाही. "त्याला माझ्या डोळ्यांवर जगू देऊ नकोस," एवढेच ते म्हणाले आणि विषय बदलून माझ्या मुलाच्या परीक्षेबद्दल विचारू लागले.

तुम्ही नसताना ते पाणथळीवर जाणार आहेत आणि रोजची नोंदवही लिहिणार आहेत. भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी नेमकी कोणत्या जातीची, हा तुमचा जुना वाद ते एकट्याने निकालात काढणार नाहीत, असे त्यांच्याकडून मी वदवून घेतले आहे. (दोन जातींच्या माद्या इतक्या सारख्या दिसतात की तो वाद दोघे असतानाही मिटेल, असे मला वाटत नाही.)

आई, माझ्याकडे खालची खोली तुम्हा दोघांसाठी रिकामी केली आहे. न्हाणीघरात आधाराची दांडी बसवली आहे, तुझी कडक गादी घातली आहे, आणि दुपारी तुझ्या रेडिओला कोणी हात लावणार नाही. बाबांची खुर्ची पूर्वेच्या खिडकीशी ठेवली आहे. समोरच्या झाडावर तांबट येतो. लहानपणी पक्षी पाहायच्या लपणात तुम्ही आणि काका दोघे मला मध्ये बसवत असा आणि मी झोपले की काका आपला हात बधिर होईपर्यंत हलवत नसत. त्या दोन खांद्यांच्या मधली ऊब मला अजून आठवते, बाबा, आणि म्हणूनच हा हट्ट आहे.

आता सूचना. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल डॉक्टरांना आधी सांगायचे आणि स्वतःच्या मनाने ती बंद करायची नाही. तुम्ही दुर्बीण आणि कॅमेरा वापरता हेही सांगायचे, म्हणजे डोळ्यात बसवायला लांबचे स्पष्ट दिसेल असे भिंग निवडता येईल; जवळच्यासाठी चष्मा लागेलच. थेंब सुमारे चार आठवडे, वेळच्या वेळी. डोळा चोळायचा नाही, धुळीत जायचे नाही आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत ती तीन किलोंहून जड लेन्स उचलायची नाही, तिपाईवर असली तरी. आई, त्यांची पिशवी तूही उचलायची नाहीस.

शेवटचे एक काम. काकांना आज संध्याकाळीच फोन करावा. हे पत्र पोहोचेपर्यंत तुम्हाला काही सांगायचे नाही, असे मी त्यांना बजावले होते, त्यामुळे आठवडाभर ते तुमचा फोन टाळत आहेत.

तुमची,
लेक