रविवारच्या वाचनाला घरातलं तेहिलीम आणा

शालोम मंडळी,

येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता नेहमीच्या जागी वाचन आहे. प्रत्येकाने घरातलं तेहिलीम, म्हणजे दाविदाची स्तोत्रं, सोबत आणावं. हिब्रू वाचता येत नसेल तर मराठी प्रत आणा, काही बिघडत नाही. 150 स्तोत्रांच्या आठवड्याच्या वाटणीत रविवारी 1 ते 29 येतात. त्यातलं 23वं, मेंढपाळाचं, कितीतरी जणांना आजीच्या तोंडून ऐकून पाठ आहे. ते सगळे मिळून म्हणू.

नंतर आजारी सभासदांसाठी 119वं. हिब्रूच्या 22 अक्षरांची प्रत्येकी 8, अशी 176 वचनं त्यात आहेत. आजारी माणसाच्या नावातली अक्षरं घेऊन त्या-त्या अक्षराची वचनं वाचायची रीत आहे. म्हणून त्यांचं हिब्रू नाव आणि त्यांच्या आईचं नाव शुक्रवारी दुपारपर्यंत मला कळवा. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवशी, मी फोन घेत नाही.

माझ्या आईच्या उशाशी दवाखान्यात हेच पुस्तक होतं. शेवटी तिला अक्षर दिसत नव्हतं, तरी पानावर हात ठेवून पडायची. ती प्रत मी आणणार आहे.

फाटलेली प्रार्थनापुस्तकं कृपया रद्दीत देऊ नका. देवाचं नाव असलेली पानं आपण दफन करतो. तीही रविवारी आणा, पिशवीत नीट बांधून.