फारा विल्यम्सची ती सहा-सात वर्षे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने २०२२ मध्ये वेम्ब्लीवर आणि २०२५ मध्ये बाझलला असा लागोपाठ दोनदा युरो करंडक जिंकला, तेव्हापासून आपल्याकडच्या क्रीडा पानांवर या संघाविषयी पूर्वीपेक्षा पुष्कळ छापून येते. शाळेत मुलींना फुटबॉल शिकवण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासारखीला याचा आनंद किती आहे, हे सांगायला नको. मात्र या मजकुरात या संघाची माजी खेळाडू फारा विल्यम्स हिचे नाव मला फार क्वचित आढळले आणि आढळले तेव्हा ‘बेघर मुलगी ते विक्रमवीर’ एवढ्या एका ओळीत तिची बोळवण झालेली होती. त्या ओळीतल्या ‘ते’ या शब्दाला माझी हरकत आहे, म्हणून हे पत्र.

‘ते’ म्हटले की आधी हलाखी आणि मग यश असा क्रम वाचकाच्या मनात ठसतो. फाराच्या बाबतीत तसा क्रम नव्हताच. १९८४ साली लंडनमध्ये जन्मलेली आणि तिथल्याच बॅटरसी भागात सरकारी भाड्याच्या घरांच्या वसाहतीत वाढलेली ही मुलगी घरातल्या भांडणानंतर सतराव्या वर्षी घराबाहेर पडली, आणि इंग्लंडच्या मुख्य संघाकडून ती पहिला सामना खेळली तोही सतराव्या वर्षीच, २००१ च्या अखेरीस. पुढची सहा-सात वर्षे तिला हक्काचे घर नव्हते. या काळात ती आधी चार्लटन, मग एव्हर्टन या क्लबांकडून आणि सतत देशाकडून खेळत होती. छातीवर तीन सिंहांचे चिन्ह असलेली जर्सी घालून राष्ट्रगीताला उभी राहणारी मध्यरक्षक सामना आटोपल्यावर बेघरांच्या निवाऱ्यात परतत होती.

तिथे त्याला ‘हॉस्टेल’ म्हणतात. आपल्या डोळ्यांपुढे त्या शब्दाने विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभे राहते, पण हे तसे नव्हे. घर नसलेल्या अनोळखी माणसांसाठीची ती तात्पुरती सोय. आपल्या वाटेला कोणी जाऊ नये म्हणून आपण तिथे मुद्दाम चित्रविचित्र आवाज काढायचो, वेड लागल्यासारखे वागायचो, असे तिने पुढे मुलाखतीत सांगितले आहे. अठरा-एकोणीस वर्षांची आंतरराष्ट्रीय खेळाडू रात्री स्वतःच्या रक्षणासाठी वेडाचे सोंग आणते, हे वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवले होते.

हे का घडले, याचे उत्तर तिच्या नशिबात शोधण्यापेक्षा तिथल्या फुटबॉलच्या व्यवस्थेत शोधावे. १९२० च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहायला ५३ हजारांच्या आसपास प्रेक्षक जमले होते. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच इंग्लिश फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने महिलांना बंद केली आणि ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. ज्या खेळाची अशी मुळेच तोडली गेली, त्यात फाराच्या उमेदीच्या काळात पोटापुरता पैसा कुठून येणार? राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंशी संघटनेने वार्षिक करार केले ते २००९ मध्ये, तेही १७ जणींशी, प्रत्येकी १६ हजार पौंडांचे. महिला सुपर लीग सुरू झाली २०११ मध्ये. म्हणजे फाराला देशाकडून खेळू लागून तोवर दहा वर्षे होत आली होती. तिला आधार दिला तो व्यवस्थेने नव्हे, माणसांनी. २००४ मध्ये ती एव्हर्टनला गेली, तेव्हा तिथल्या व्यवस्थापक मो मार्ली यांनी तिची घडी बसवून द्यायला आणि प्रशिक्षक म्हणून काम मिळवून द्यायला मदत केली. मार्लीबाईंचे हे ऋण फारा उघडपणे मान्य करते. पण एखादी मार्ली भेटली नसती तर काय, हा प्रश्न उरतोच.

तिच्या खेळाविषयीही कोणी सविस्तर लिहावे, अशी माझी इच्छा आहे. लांब पल्ल्याचे अचूक पास, दुरून मारलेले जोरदार फटके आणि पेनल्टी घेताना न ढळणारे चित्त ही तिची ओळख. २०१५ च्या विश्वचषकात कॅनडातल्या एडमंटनला कांस्यपदकाच्या लढतीत जादा वेळेतल्या १०८ व्या मिनिटाला तिने पेनल्टीवर गोल केला आणि इंग्लंडच्या महिलांनी जर्मनीला इतिहासात पहिल्यांदा हरवले. समोर गोलरक्षक होती नादिन आंगेरर, शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळणारी. तीनच दिवस आधी जपानविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भरपाई वेळेतल्या स्वयंगोलाने इंग्लंडचा घास हिरावला गेला होता, आणि त्याही सामन्यात इंग्लंडची बरोबरी साधणारी पेनल्टी हिचीच होती. २०२१ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर इंग्लंडचे १७२ सामने होते. पुरुष संघात पीटर शिल्टन यांच्या १२५ सामन्यांचा विक्रम आहे, हे लक्षात घेतले म्हणजे १७२ चे मोल कळते.

बेघरपणाविषयी ती जाहीरपणे बोलली २०१४ मध्ये, देशाकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा विक्रम नावावर झाल्यानंतर. इतकी वर्षे तिने गप्प का राहावे, हे मला समजू शकते. माझ्या संघात एक मुलगी होती. जिल्हा स्पर्धेला ती बुटांच्या पिशवीखेरीज एक मोठी कापडी पिशवी आणायची आणि सामना चालू असताना ती पिशवी माझ्या पायांशी ठेवायची. तिच्यात दोन ड्रेस, चादर, शाळेचे दाखले, सारे काही असे. घरमालकाने त्यांना केव्हाच बाहेर काढले होते. ती बोलली नाही आणि मला विचारायचे सुचायला अख्खा हंगाम गेला. ती चूक आजही सलते.

पुढे फारा बेघर मुलींना फुटबॉल शिकवण्याच्या कामात उतरली. आमच्या नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलामुलींसाठी जे काम उभे केले, त्यातून बेघर खेळाडूंच्या फुटबॉल विश्वचषकाला भारताचे संघ जाऊ लागले. फाराची हकीकत या मैदानांवरच्या मुलींना वाचायला मिळाली तर त्यांना ती परकी वाटणार नाही. मात्र ती पूर्ण सांगावी, निवाऱ्यातल्या रात्री आणि देशासाठीचे सामने एकाच काळातले होते हे वगळू नये.

आणखी एक विनंती. आपल्या राज्यातल्या महिला संघांच्या निवडीच्या बातम्या आपण छापता, त्यात शिबिर कुठे आणि किती दिवसांचे हे असते. शिबिर संपल्यावर या मुली कुठे राहायला जातात, हेही आपल्या वार्ताहरांनी एकदा विचारावे.

आपली नियमित वाचक,
निवृत्त क्रीडाशिक्षिका, नागपूर