गावाचा नकार कधी डावलावा?

संपादक महोदय,

गावाने अडवले की सरकारने कायद्याचा बडगा उगारून पुढे जावे, असे म्हणणारे अलीकडे वाढले आहेत. मी त्यांच्या सरसकट विरोधात नाही. कचऱ्याचेच घ्या. कचरा सगळेच करतात, प्रकल्प मात्र आपल्या वाड्याजवळ कोणालाच नको. गोव्यात साळगावच्या कचरा प्रकल्पाला गावातून विरोध होता, तरी सरकारने तो रेटला आणि 2016 मध्ये तो सुरू झाला. दुर्गंधीच्या तक्रारी संपल्या असे नाही, पण तो नसता तर किनारपट्टीवरच्या हॉटेलांचा कचरा गेला असता कुठे? सोनसडोला मडगाव पालिकेने वर्षानुवर्षे ढीग रचला आणि शेवटी उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. एका गावाच्या निर्णयाची घाण दुसऱ्याच्या विहिरीत किंवा नदीत उतरत असेल, तर राज्याने खुशाल हस्तक्षेप करावा.

जमिनीच्या बाबतीत मात्र नेमके उलटे चालले आहे. नगरनियोजन कायद्यात 2023 मध्ये कलम 17(2) आले ते म्हणे प्रादेशिक आराखड्यातल्या, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशातल्या, चुका दुरुस्त करायला. त्याखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. दरम्यान 2024 मध्ये जमिनीचा झोन, म्हणजे वापराचा प्रकार, अर्जावरून बदलू देणारे कलम 39अ येऊन बसले होतेच! आता राजपत्रात तक्ता छापून येतो: गाव, सर्व्हे क्रमांक, चौरस मीटर, आजचा झोन, मागितलेला झोन. हरकतींसाठी 30 दिवस. जिथली भातशेती ‘सेटलमेंट’, म्हणजे बांधकामाचा झोन, होणार, तिथल्या ग्रामसभेचा होकार लागत नाही. रोपणीच्या दिवसांत राजपत्र चाळत बसणार कोण? पुढे इमारती उभ्या राहिल्या, नळ कोरडे पडले, गटारे तुंबली की लोक सरपंचाच्याच दारात जातात. पणजीत कोणी जात नाही.

पंचायती धुतल्या तांदळासारख्या आहेत, असेही मी म्हणत नाही. हडफड्यातील नाइटक्लबला 6 डिसेंबर 2025 च्या रात्री आग लागून 25 जणांचा बळी गेला, तेव्हा पंचायतीने दिलेल्या परवान्यावरही बोट ठेवले गेले. पण ते बांधकाम पाडण्याच्या पंचायतीच्या आदेशाला वरून स्थगिती मिळाली होती, हेही तेव्हाच बाहेर आले. पंचायत ढिलाई करत असेल तर राज्याने तिचा कान जरूर पिळावा. ती कडक वागत असताना तिचा हात का धरावा? वरून येणाऱ्या आदेशाने गावाचे संरक्षण वाढावे. ते काढून घेण्यासाठी वरचा अधिकार वापरला जाणार असेल, तर तो सरकारला कोणी दिला?

शिवाय नकार दडपून काम होतेच असेही नाही. सत्तरीतल्या शेळ-मेळावली गावात आयआयटीसाठी जागेची मोजणी रेटली. जानेवारी 2021 मध्ये ग्रामस्थ आणि पोलीस आमनेसामने आले, आणि शेवटी सरकारलाच तिथून माघार घ्यावी लागली.

माझी मागणी साधी आहे. 39अ खालच्या प्रत्येक अर्जाची प्रत संबंधित पंचायतीला पाठवावी. तो ग्रामसभेत वाचला जावा आणि हरकतींचे 30 दिवस त्या सभेच्या तारखेपासून मोजावेत. सभेने नकार दिल्यावरही झोन बदलायचाच असेल, तर नगरनियोजन खात्याच्या अधिकाऱ्याने पुढच्या ग्रामसभेला येऊन त्याची कारणे लेखी द्यावीत.

— एक वाचक, डिचोली