ड्रॅगन फ्रूट शिकवणाऱ्या अण्णांस जाहीर आभाराचं पत्र

अण्णा, सप्रेम नमस्कार.

ड्रॅगन फ्रूट निवडुंग आहे म्हणजे रखरखीत उन्हात, बिनपाण्याचा वाढेल, हा आमच्या जत-सांगोल्याकडचा समज तुम्ही आधी मोडलात. मूळची ही मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडाच्या आधाराने चढणारी वेल. पुढचे सगळे हिशेब तिथूनच लागले.

10 बाय 8 फुटांवर एकरी सुमारे 540 खांब, खांबाला चार रोपं. सात फुटी खांब दीड-दोन फूट जमिनीत हवा; वळवाच्या वाऱ्यात भरल्या वेलीचं ओझं उथळ खांबाला पेलत नाही. फूटभर फांदी घेऊन सावलीत आठवडाभर ठेवायची, काप सुकला की मगच लावायची. ओली पुरली तर कुजते. मग एकच फुटवा वर न्यायचा, बाकीचे काढायचे. खांबाच्या माथ्यावरच्या चकतीच्या वर गेला की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटून छत्रीसारख्या लोंबतात. फळं धरतात ती याच फांद्यांवर.

सर्वांत मोठे आभार एप्रिल-मेच्या पिवळेपणाबद्दल. वेल पिवळी दिसली की माणूस ड्रिप वाढवतो. पण ती तहानलेली नसते, उन्हाने भाजलेली असते. मुळं वरच्या वीतभर थरात. पाणी साचलं की खोडकूज आलीच. म्हणून गादीवाफा, बेताचं पाणी, आणि उन्हावर केओलिनची (पांढऱ्या चिकणमातीची) फवारणी नाहीतर पश्चिमेला शेडनेट. एवढं कळलं तरी निम्मी बाग वाचते.

फूल रात्री उमलतं, सकाळी मिटतं. लाल गराच्या काही जातींना स्वतःचा पराग चालत नाही. दुसरी जात मध्ये लावायची, किंवा पहाटेच्या आत मऊ ब्रशने पराग फिरवायचा. फुलानंतर साधारण महिन्याने फळ येतं. तोडल्यावर गोडी वाढत नाही, म्हणून साल लाल झाल्यावरही तीन-चार दिवस थांबायचं. जास्त थांबलं आणि जोराचा पाऊस आला, तर फळ तडकतं. फळ पिळून तोडू नये, फांदी सोलवटते, कात्रीच लावावी.

खायचं मात्र गार करून, दोन फाकी करून, चमच्याने, बियांसकट. लाल गराचं भरपूर खाल्लं तर दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी होते, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. नाहीतर दवाखान्यात रांग लागली असती!

आपले,
जत-सांगोल्याकडचे ड्रॅगनवाले