वनमंत्र्यांना खुले पत्र : खोकडाच्या कानातली गोचीडही तपासा

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. आता निवृत्त आहे, पण माळावर फिरणं सुटलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी नान्नजच्या बाजूला ज्वारीच्या बांधाला खोकडाची एक मादी पडलेली दिसली. धुगधुगी होती. नाकातून रक्त येत होतं. ओठ उलटून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. दोन्ही कानांत एरंडीच्या बियांएवढ्या टम्म फुगलेल्या गोचिडी, एकीला एक चिकटून. अर्ध्या तासात ती गेली. पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. जखम नाही, विष नाही, तेव्हा 'अशक्तपणा' लिहून कागद बंद केला. रक्ताचा एक थेंबही तपासायला गेला नाही. गोचिडी तिच्याबरोबरच जळाल्या. मला आजही त्याची हळहळ वाटते.

कारण नाकातून रक्त, पांढऱ्या हिरड्या, उतरलेलं अंग हे सगळं मी गावच्या कुत्र्यांत कितीदा तरी पाहिलंय. एर्लिकिया कॅनिस नावाचा जिवाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत घर करतो, प्लेटलेट घटतात आणि जनावर आतून झिजतं. तो पसरवते कुत्र्यावरची तपकिरी गोचीड. ती आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि दर वेळी पोट भरलं की खाली गळते. लहानपणी आजारी कुत्र्याचं रक्त प्यायलेली गोचीड कात टाकून मोठी झाली तरी जिवाणू तिच्या पोटात राहतो, आणि पुढच्या जनावराला तो मिळतो. कुत्रं खोकडाच्या बिळात तोंड घालतं, लांडग्यानं सोडलेल्या मढ्यावर जाऊन बसतं. गोचिडीला एवढी वाट पुरते. वेळेत डॉक्सिसायक्लिन हे जिवाणू मारणारं औषध मिळालं तर कुत्रं उठतं. औषधाविना एखादं वाचलंच, तर वरून धडधाकट दिसूनही कित्येक महिने जिवाणू बाळगून हिंडतं. खोकडाला गोळी कोण देणार?

जर्मनीत 1934 साली एडरसे तलावाकाठी अमेरिकेतले रॅकून सोडले, ते आता देशभर झालेत. बाहेरून आलेल्या अशा मांसभक्षकांच्या आणि तिथल्या मूळच्या कोल्ह्यांच्या गोचिडीत कोणते जिवाणू आहेत, हे युरोपातले संशोधक तपासतात. आपल्या माळरानावर माणसानं आणलेला मांसभक्षक म्हणजे मोकाट कुत्रा. त्याचा राग नाही मला, धनगराच्या वाड्याला तो हवाच. पण तीच गोचीड माणसालाही ठिपक्यांचा ताप देते, आणि वाड्यावरची पोरं कुत्र्याला बिलगून झोपतात.

2018 मध्ये गीरच्या दलखाणिया भागात 23 सिंह गेले. कुत्र्यांत होणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला, जोडीला गोचिडीतून येणारा बबेसिया हा रक्तातला परजीवीही. तो जिवाणू नव्हे, पण वाट तीच. तिथं नमुने घेतले म्हणून तरी कळलं.

साहेब, लांडगा वन खात्याचा, मेंढी पशुसंवर्धनची, मोकाट कुत्रा स्थानिक संस्थेचा. गोचीड कुणाच्याच खात्यात बसत नाही, आणि म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. आपण बघावं, एवढंच मागणं आहे.

मेलेला किंवा पकडलेला प्रत्येक खोकड, कोल्हा, लांडगा, तरस यांचं रक्त, प्लीहेचा तुकडा आणि अंगावरच्या गोचिडी पीसीआरसाठी, म्हणजे रोगजंतूचा अंश शोधणाऱ्या चाचणीसाठी, पाठवणं बंधनकारक करा. नागपूरला गोरेवाड्यात वन्यजीव संशोधन केंद्र आहे, पुण्यात पशुसंवर्धनचा रोग अन्वेषण विभाग आहे. नवी इमारत लागत नाही. गोचिडीसाठी अल्कोहोलची छोटी बाटली आणि चिमटा वनरक्षकाच्या पिशवीत असला तरी पुरे. अभयारण्याच्या कडेच्या गावांत कुत्र्यांना रेबीजची लस टोचताना त्याच फेरीत गोचीडनाशकही द्यावं. मेंढपाळांना आधी विचारा, ते कुत्री स्वतः धरून आणतील. हिवाळा सरला की गोचीड वाढते, त्याआधी पहिली फेरी व्हावी.

नान्नजला पहिलं शिबिर लावलंत तर कुत्री धरायला मी येईन.

आपला विनम्र,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, उत्तर सोलापूर