आकडा नको, जागा भरायची मुदत घटनेत घाला

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

परवा सकाळी फिरून आल्यावर पार्क चौकात चहा घेताना आमच्या ग्रुपमध्ये चांगलाच वाद झाला. एका वकील मित्राने सांगितलं की अमेरिकेत सुप्रीम कोर्टाचे जज कायम नऊच राहतील अशी घटनादुरुस्ती करा अशी मागणी आहे, त्यावर दोघं तिघं म्हणाले मग आपल्याकडे पण 34 चा आकडा एकदाचा घटनेत टाकून द्या ना. मला काय ते पटलं नाही, म्हणून लिहितोय.

अमेरिकेत ही मागणी बरोबरच आहे. त्यांच्या घटनेत जजची संख्याच दिलेली नाही, सगळं तिथल्या संसदेच्या साध्या कायद्यावर. 1789 ला सहा होते, मग सात, नऊ, 1863 ला दहा, 1866 ला परत सातवर आणायचा कायदा केला (प्रेसिडेंट जॉन्सनला नवीन जज नेमता येऊ नयेत हे त्यामागचं मोठं कारण मानतात), आणि 1869 पासून नऊ. 1937 ला प्रेसिडेंट रूझवेल्टनी 15 पर्यंत न्यायचा घाट घातला, कारण कोर्ट त्यांचे कायदे रद्द करत होतं. तो डाव फसला ते बरं झालं. तिथं प्रत्येक केसला नऊच्या नऊ जज बसतात, त्यामुळे आपल्या मर्जीतले दोन चार वाढवले की निकालच फिरतो. 1954 ला नऊचा आकडा घटनेत घालायचं सिनेटने, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहाने, 58 विरुद्ध 19 ने मंजूर पण केलेलं, पुढं खालच्या सभागृहात अडकलं.

आपलं तसं नाही. आपल्याकडे दोन तीन जजची बेंच बसते, घटनेचा मोठा प्रश्न असला तर कमीत कमी पाच. कलम 124 मध्ये सरन्यायाधीश आणि सात असं होतं आणि संसदेला फक्त वाढवायची मुभा आहे, ती वापरत वापरत आपण 2019 ला 34 वर आलो. आकडा घटनेत बांधला तर उद्या केसेस वाढल्या आणि चार जज जास्त लागले तरी दोन तृतीयांश बहुमत आणि निम्म्या राज्यांची संमती घेत बसायचं, हे कशाला?

खरं दुखणं वेगळंच आहे. 34 केले ते 2019 ला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरनंतर ऑगस्ट 2021 पर्यंत सुप्रीम कोर्टात एकही नवीन जज आला नाही, जवळजवळ दोन वर्षं! मग 31 ऑगस्टला एकदम नऊ जणांचा शपथविधी. म्हणजे कायद्यात आकडा वाढला आणि कोर्टात माणसं कमी होत गेली. अमेरिकेत पण 2016 ला सुप्रीम कोर्टाचे जज स्कालिया वारले तर ओबामांनी दिलेल्या नावाची सिनेटने सुनावणीसुद्धा घेतली नाही, वर्षाहून जास्त आठच जज. कायद्यात नऊ होतेच की. जागा रिकामी ठेवली म्हणजे संख्या कमी केल्यासारखंच झालं, फक्त त्याला कायदा लागत नाही.

आमच्या वडिलांची जमिनीची केस वरच्या कोर्टात होती, तारखेला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला जायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे, निकाल त्यांनी बघितला नाही. आता ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, सोलापूरकरांची मोठी सोय झाली, पण मुंबई हायकोर्टाला मंजूर जज 94 आणि त्यातूनच कोल्हापूरला द्यायचे, मग त्या जागा रिकाम्या राहिल्या तर बेंचवर बसायचं कोणी?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की घटनेत मुदत घाला. सुप्रीम कोर्टाचा जज 65 ला रिटायर होणार ही तारीख पहिल्या दिवसापासून माहीत असते, तर सहा महिने आधी कॉलेजियमने (सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ जज यांचं नावं सुचवणारं मंडळ) नाव दिलंच पाहिजे आणि सरकारने ठराविक दिवसांत हो किंवा कारण देऊन नाही सांगितलंच पाहिजे, गप्प बसायची सोय दोघांनाही नको. हायकोर्टालाही हाच नियम. आपल्या जिल्ह्यातल्या खासदारांनी यावर खासगी विधेयक मांडावं, आणि तुमच्या पेपरने त्यांना तसं विचारावं ही विनंती.

आपला एक वाचक,
जुळे सोलापूर